हनुवटीखालचं माप

जबड्याचं ऑपरेशन होऊन मी घरी आले, त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अण्णांनी गळ्यातला टेप काढला आणि माझ्या हनुवटीखालून फिरवला. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरात शिवाजीनगरच्या बाजारात त्यांचं पुरुषांचे कोट शिवायचं दुकान होतं, आणि टेप त्यांच्या गळ्यातून फक्त आंघोळीपुरता उतरत असे. डाव्या कानाच्या पाळीपासून हनुवटीखालून उजव्या कानाच्या पाळीपर्यंत एक माप. मग गळ्याभोवती, अगदी वर, जबड्याला चिकटून दुसरं. "हलू नको," ते म्हणाले. मी कुठली हलते! वरचा आणि खालचा जबडा तारेनं एकमेकांना बांधून टाकलेला, सूज गालांवरून गळ्यात उतरलेली, आणि खालचा ओठ माझा आहे की शेजारणीचा तेही मला कळत नव्हतं.

अण्णांनी मापाची वही उघडली, शेवटचं कोरं पान काढलं, वर कन्नड अक्षरांत 'मुलगी' असं लिहिलं आणि खाली दोन आकडे टाकले. आमची घरं इकडे येऊन तीनशे वर्षं झाली असतील. आम्ही मराठी बोलतो, पण अण्णांच्या पिढीला लिहिता येई ते कन्नडच. मी देवनागरी शिकले ती शाळेत, हिंदीच्या तासाला. तर या वहीत गिऱ्हाइकांची मापं असत, आणि ट्रायलला कोट नीट बसला की आकड्यांखाली अण्णा एकच शब्द लिहीत: सरी. म्हणजे बरोबर झालं, आता या माणसाला पुन्हा टेप लावायला नको. हा शब्द पडल्याशिवाय कोट दुकानाबाहेर जात नसे.

मला भयंकर राग आला होता. पण राग दाखवायला तोंड लागतं. मी पाटी ओढली आणि लिहिलं, 'मी काय कोट आहे?' अण्णांनी वाचलं, चष्मा पुसला आणि दुकानाकडे निघून गेले.

ते माप का घेत होते हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर राग.

वयात आल्यावर माझा खालचा जबडा पुढे वाढत गेला आणि वरचा मागेच राहिला. चुलत भावंडं म्हणत, हिच्या हनुवटीवर चहाचा पेला ठेवला तरी सांडायचा नाही. घरात असा जबडा कुणाचाच नव्हता. अम्मा म्हणायची, तिच्या आत्याचा होता. त्या आत्याचा एकही फोटो नसल्यामुळे अम्माला हवं ते म्हणता येत होतं. दिसण्याचं दुःख होतंच, उगाच खोटं कशाला सांगू? पण रोजचा जाच वेगळाच होता. माझे समोरचे दात एकमेकांना टेकतच नसत. पेरू, मक्याचं कणीस, डोशाची कडक कड, सगळं गालात कोंबून दाढेनं तोडायचं. ओठ मिटायचे तर मुद्दाम ताणून मिटायला लागत. जरा लक्ष हटलं की उघडे. आणि दुकानात मला धागा तोडता येत नसे.

हे शेवटचं इतरांना क्षुल्लक वाटेल. शिंप्याच्या घरात ते क्षुल्लक नाही. मी शाळेत असल्यापासून संध्याकाळी अण्णांकडे काज करायला बसायची. अण्णांचा नियम होता की तयार कोटाला कात्री लावायची नाही, शेवटचा धागा दातांनीच तोडायचा. कात्रीचं टोक एकदा घसरलं की सगळी मेहनत पाण्यात. मला ते जमायचं नाही. मी कोटाची कड तोंडात घालून थेट दाढेपर्यंत न्यायची, आणि अण्णा ओरडायचे, "गिऱ्हाइकाचा कोट आहे तो, चघळायला नाही दिला!" मग स्वतः उठून टचकन धागा तोडून जायचे. मी तेवीस वर्षांची झाले, यशवंतपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डावर नोकरीला लागले, तरी शनिवारी दुकानात बसले की माझे धागे तेच तोडत.

नोकरी लागल्यावर मी स्वतःच दातांच्या कॉलेजात जाऊन दाखवून आले. आधी दीड वर्षं दातांना तारा बसल्या. दात सरळ होत गेले तसा जबडा आणखीच पुढे दिसायला लागला. सर्जन डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं. इतकी वर्षं तिरके दात जबड्याची चूक झाकत होते. ते सरळ झाले की चूक उघडी पडणार, आणि मग ती ऑपरेशननं दुरुस्त करायची. पण बाजारातल्या बायकांना हे कोण समजावणार? "तारा लावून अजून पुढंच आली की गं!" असं मला भर रस्त्यात ऐकून घ्यावं लागलं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. अण्णा आले, टेपासकट. डॉक्टर पन्नाशीचे, हळू आवाजात कन्नड बोलणारे. त्यांनी माझ्या डोक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावला, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं हाडांची आणि चेहऱ्याची रेघ काढली, मग कात्रीनं कागदातला खालचा जबडा कापला आणि मागे सरकवला. वरचा कापून जरा पुढे घेतला. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. दोन्ही जबडे कागदाचे, खाली कात्री, शेजारी पेन्सिल. त्यांच्या ओळखीचा कारभार होता सगळा. "आमच्यासारखंच की!" ते मला म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

मग त्यांनी प्रश्न विचारला. "हाड मागं घेतलं. कापड तेवढंच राहिलं. मग झोळ कुठं काढणार?"

अंगापेक्षा कापड जास्त झालं की ते लोंबतं, त्याला झोळ म्हणतात. अण्णांचा जन्म लोकांच्या पाठीवरचे आणि काखेतले झोळ घालवण्यात गेला होता. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी सावकाश सांगितलं. हनुवटीवरची कातडी हाडाला घट्ट धरून असते, हाड जेवढं मागे जाईल जवळजवळ तेवढीच तीही जाते. खालचा ओठ त्याहून जरा कमी जातो, आणि बाहेर उलटलेला असतो तो सरळ होतो. वरच्या ओठाचं तसं नाही. मागचं हाड पुढे आणलं तरी तो निम्माशिम्माच पुढे येतो. नाकाच्या खाली हाड सरकलं की नाकपुड्या पसरतात, म्हणून तिथे आतून एक टाका घालून त्या ओढून घ्यायच्या. त्या टाक्यापाशी अण्णांनी मान डोलावली. आणि हनुवटीच्या खाली, गळ्याकडे? तिथे कधी कधी थोडा फुगीरपणा राहतो, डॉक्टर म्हणाले, कारण हाड मागे जातं, पण गळ्याचं मांस आहे तिथेच असतं. म्हणून तर सगळं खालून मागे न घेता थोडं वरून पुढे घेणार. मुलगी तरुण आहे, कातडी आवळून येईल. मात्र सूज सावकाश उतरेल, शेवटची उतरायला वर्षसुद्धा लागतं.

"ट्रायल?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टरांनी प्लास्टरचे दात दाखवले, त्यांच्यावर कापून, जोडून पाहिलेले.

"हे दातांचं झालं. कातड्याची ट्रायल?"

"त्याची ट्रायल नसते, मास्तर. त्याचा अंदाजच करायला लागतो."

तिथे सगळं फिसकटलं. अण्णांनी आयुष्यात अंदाजानं कात्री चालवली नव्हती. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "कोटाच्या शिवणीत जादा कापडाची माया ठेवलेली असते, चुकलं तर सोडवता येतं. हाडाला माया कुठली? अंदाजानं कापणाऱ्याच्या हातात मी पोरगी देणार नाही."

"मी काय तागा आहे का तुमच्या दुकानातला?" मी ओरडले. ओरडताना माझी जीभ दातांच्या फटीतून बाहेर यायची आणि 'स'चं पार वाटोळं व्हायचं, त्यामुळे माझ्या रागाला कधी वजनच आलं नाही. "झोळ आला तर आला. माझा चेहरा आहे, मी बघेन."

"मग मला सांगायला येऊ नको."

"नाही येणार!"

फॉर्मवर मी माझी सही केली. अम्मा पिशवी भरून माझ्याबरोबर आली. ऑपरेशनच्या दिवशी अण्णांनी दुकान उघडलं नाही, हे मला खूप नंतर कळलं. त्या वेळी एवढंच माहीत होतं की ते आले नाहीत.

आता वाचणाऱ्याला कळेल की सोमवारचा टेप म्हणजे काय होतं. अण्णांना खात्री होती की झोळ येणार. मला खात्री नव्हती की येणार नाही. मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं की आला तर आला, आणि आता दिवसरात्र मला दुसरं काही सुचत नव्हतं. सूज आहे तोवर सूज म्हणायचं; पण सूज उतरल्यावर जे खाली राहील ते माझं, जन्माचं.

पहिल्या सोमवारी गळा पंधरा इंच भरला. दुसऱ्या सोमवारी साडेचौदा. अम्मा नाचणीची पातळ पेज, आमच्याकडे गंजी म्हणतात ती, फडक्यानं गाळून, सिरिंजला नळी लावून माझ्या गालाच्या कडेनं सोडायची. सार, मोसंबीचा रस, पातळ वरण, सगळं त्याच वाटेनं. मी वाळत चालले होते आणि तोंड मात्र तेवढंच. तिसऱ्या सोमवारी चौदा. अण्णा दुकानाला निघताना दारातून म्हणाले, "उतरतंय स्वल्प." चौथ्या सोमवारी पावणेचौदा. पाचव्या सोमवारी पावणेचौदा. अण्णांनी टेप काढून पुन्हा लावला. पावणेचौदाच.

त्याच आठवड्यात जबडे बांधलेल्या तारा सुटल्या. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. घरी येऊन मी पहिलं काय केलं असेल तर सुईदोऱ्याचा डबा घेतला, धाग्याचं टोक समोरच्या दातांत धरलं आणि दाबलं. डॉक्टरांनी अजून काही चावायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण धागा म्हणजे काही चावणं नव्हे. तो तुटला. टचकन. अम्मा स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं टाका तुटला. मी तिला धाग्याचे दोन तुकडे दाखवले आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. हसताना ओठ कुठवर गेला ते मला कळलं नाही, कारण तो अजून बधिर होता. कॉफी प्यायले की हनुवटीवरून ओघळ खाली जाई आणि मला पत्ता नसे. समोर बसलेली अम्मा स्वतःच्या हनुवटीला बोट लावायची, की मी पुसायची. पाहुण्यांसमोरसुद्धा आमची ही खूण चाले. त्यांना वाटे, अम्मा फार विचारात असते.

आरशात समोरून बघितलं की मला माझा चेहरा आवडायचा. ओठ आपोआप मिटत. खालच्या ओठाखाली एक छोटी घडी पडली होती, इतरांना असते तशी, मला कधीच नव्हती ती. वरचा ओठ थोडा भरल्यासारखा. नाक मात्र जरा पसरलेलं वाटायचं, टाका घालूनही. त्याची सवय होईल म्हणून मी सोडून दिलं, आणि झालीही. पण घरचा आरसा समोरूनच दाखवतो. दुकानात ट्रायलसाठी तीन फळ्यांचा आरसा होता. कडेच्या फळ्या आत वळवल्या की माणसाला स्वतःची बाजू दिसते. लहानपणापासून मी त्याच्या वाटेला गेले नव्हते. सहाव्या सोमवारी दुकान रिकामं बघून मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि फळी वळवली.

हनुवटी जागेवर होती. छान होती, अगदी कागदावरच्या रेघेसारखी. तिच्याखाली मात्र कोन नव्हता. हनुवटीपासून गळ्यापर्यंत एक फुगीर उतार, चाळिशीच्या बाईला शोभेल असा. मी मान ताणली, वर केली. उतार तसाच. मग आरशात मला अण्णा दिसले. ते मागे इस्त्री धरून उभे होते आणि तिथेच बघत होते जिथे मी बघत होते. त्यांनी टेप आणला, माप घेतलं. पावणेचौदा. वहीत लिहिलं आणि वही मिटली. 'मी सांगितलं होतं,' असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या सोमवारी मी कामावर रुजू होणार होते. आदल्या दिवशी अण्णांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलं. उघडलं तर कमीज. अण्णांनी उभ्या जन्मात बायकांचा कपडा शिवला नव्हता. लेडीज टेलर म्हटलं की ते नाक मुरडत. आणि हा कमीज त्यांनी करड्या सुटाच्या कापडाचा शिवला होता, खांद्याला पॅड, आत अस्तर, हातानं केलेली काजं. कमीज कसला, बायकांच्या मापाचा कोटच. आणि कॉलर. उभी, कॅनव्हास घातलेली, इतकी उंच की थेट जबड्याला टेकेल. मी ती गळ्याला लावून पाहिली. हनुवटीखालचा सगळा उतार तिच्यात नीट झाकला जात होता. पावणेचौदा इंचात.

"थंडीला बरं," अण्णा म्हणाले.

जून महिना होता. "हे झाकायला शिवलंत," मी म्हणाले. शब्द बधिर ओठावरून घसरत होते. "तुम्ही ठरवूनच टाकलंत. आता हे असंच राहणार."

"राहिलं तर काय करायचं, कुणी विचार केला होता? मी केला."

"मला नकोय तुमचा विचार! आणि तो टेप पुन्हा माझ्या अंगाला लावायचा नाही."

"सरी," ते म्हणाले. आमच्याकडे 'सरी' भांडण संपवायलाही म्हणतात. मी कमीज ट्रंकेच्या तळाशी टाकला आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. ओठ बधिर असला की रडताना तोंडाचं काय होतं, ते सांगण्यासारखं नाही.

कामावर गेले तर फाटकावरचा वॉचमन म्हणाला, कुणाला भेटायचंय? मी नाव सांगितलं तर म्हणाला, त्या सुट्टीवर आहेत. त्या दिवशी मला फार दिवसांनी खरंखुरं हसू आलं. बोर्डावर माझा 'स' स्वच्छ ऐकू यायला लागला होता. 'प' आणि 'ब' मात्र अजून ओठावर अडखळत. ओढणी मी गळ्याभोवती गुंडाळून बसायची. बाजूनं कुणी बघत असेल तर मान वळवायची. सोमवारचं माप बंद झालं. घरात मी आणि अण्णा एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो, तेही बहुतेक अम्माच्या मार्फत. शनिवारी दुकानात बसायचं मी सोडून दिलं.

ओठात पावसाळ्यात मुंग्या यायला लागल्या. आधी खरोखर मुंग्या चालताहेत असं वाटून मी ओठ झटकला होता. मग एक दिवस कॉफी ओठाला भाजली आणि मी आनंदानं किंचाळले. दसऱ्यापर्यंत बहुतेक सगळी जाण परत आली. डाव्या बाजूला हनुवटीवर हरभऱ्याच्या डाळीएवढी जागा आजही बधिर आहे, तिचं काही अडत नाही. पण हनुवटीखाली बघायचं मी धाडस केलं नाही. आहे ते आहे, असं मनाला बजावलं होतं, आणि मनाला बजावलेलं परत उकरून काढायचं कशाला?

डिसेंबरात एका शनिवारी सकाळी बेंगळुराला तोंडातून वाफ निघेल अशी थंडी पडली होती, आणि माझा स्वेटर धुऊन वाळत घातलेला अजून ओलाच होता. अम्मानं ट्रंकेतून तो करडा कमीज काढला. "घाल गं. इतकं जाड कापड वाया का घालवतेस?" बस चुकत होती. मी घातला. खांदे जिथल्या तिथे, बाह्या मनगटावर बरोबर, पाठीवर एक सुरकुती नाही. गंजीवर वाळलेल्या दिवसांत शिवलेला, तरी छातीकमरेला अचूक, कारण मी पुन्हा भरणार हे अण्णांनी धरलं असणार. मग मी कॉलरचं बटण लावलं.

अम्मा माझ्याकडे बघत राहिली. "अय्यो," ती म्हणाली, "केवढी ढिली!"

मी दोन बोटं घातली. कॉलर आणि गळा यांच्यामध्ये ती सहज गेली. बोटं वर नेली तर हनुवटीच्या हाडाची कड लागली, कडेच्या मागे आत वळणारी कातडी, आणि मग गळा. कोन होता. कधी झाला कोण जाणे. सहा महिने मी ओढणीखाली जे लपवत होते, ते तिथे नव्हतंच.

त्या दिवशी अर्धा दिवस काम. मी बोर्डावर बसून कुणाला कुठली लाइन जोडली देव जाणे. सुटल्यावर बस पकडून शिवाजीनगरला उतरले आणि तशीच दुकानात शिरले. आत एका लठ्ठ निवृत्त साहेबांची ट्रायल चालली होती, अंगात कच्च्या टाक्यांचा अर्धा कोट, हात आडवे पसरलेले. ते अण्णांचे जुने गिऱ्हाईक. अण्णा तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पाठीशी होते. त्यांनी मला आरशात बघितलं. आधी कमीज बघितला, मग कॉलर.

इथे एक सांगायला हवं. अण्णांच्या दुकानात माप कधी चुकत नसे. कोट घट्ट झाला तर गिऱ्हाईक जाड झालेलं असे, ढिला झाला तर बारीक. लोकांशी भांडण झालं तरी बेहत्तर, पण आपलं माप चुकलं असं ते कुणाला म्हणाले नव्हते.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून त्यांच्या छोट्या उशीत टोचल्या. माझ्याजवळ आले. टेपावर हात ठेवून थांबले. मी जूनमध्ये काय बोलले होते ते दोघांच्याही लक्षात होतं. मी बटण काढलं आणि मान वर केली. अण्णांनी टेप लावला, वर, जबड्याला चिकटून. वाचला. टेप सोडून बोटांनी माझ्या हनुवटीखाली चाचपून बघितलं, कापडाचा पोत बघतात तसं, या कानापासून त्या कानापर्यंत. त्यांची बोटं थंड होती, आणि मला ती सगळीकडे कळली.

"साडेबारा," ते म्हणाले. "सव्वा इंच. माझं माप चुकलं."

आणि मग त्या साहेबांकडे वळून, कन्नडमध्ये, दुकानाबाहेरही ऐकू जाईल अशा आवाजात: "माझं माप चुकलं, साहेब! सव्वा इंच!" ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते. साहेब हात पसरून तसेच उभे. म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडून हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो!"

चुकलेला कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, म्हणून अण्णांनी मला स्वतःचा कोट दिला आणि पडद्याआड पाठवलं. मी त्यांच्या ढगळ कोटात स्टुलावर बसले, साहेब कच्च्या टाक्यांत उभे, आणि अण्णांनी आम्हा दोघांसमोर कॉलर उसवली, सव्वा इंच आत घेतली, हातानं टाके घातले. शेवटी कमीज माझ्यापुढे धरला, दोरा लोंबत असलेला. कात्री त्यांच्या हाताशीच होती. मी वाकून दोरा समोरच्या दातांनी तोडला, आणि त्याचं टोक खालच्या ओठाला लागलं ते मला कळलं.

अण्णांनी वही काढली, शेवटचं पान उघडलं. पावणेचौदाच्या तीन ओळींखाली साडेबारा लिहिलं, आणि त्याखाली, कन्नड अक्षरांत, सरी. मला दाखवलं, शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं, आणि टेप गळ्यात अडकवून साहेबांच्या पाठीकडे वळले. त्यानंतर त्यांनी माझ्या चेहऱ्याला कधी टेप लावला नाही.